रेघ राहिली, अक्षर उडालं

इरा, अन्वय, हे तुमच्या दोघांसाठी आहे, आणि मी हे रागात सांगते आहे, ते आधीच कळलेलं बरं. आजी शांत स्वभावाची, आजीचं सगळं जिथल्या तिथे, असं तुम्ही तिकडे टोरांटोत कोणाकोणाला सांगत असाल, तर सांगा, पण हे वाचून मग सांगा. आताच का, तर मागच्या महिन्यात माझ्या जुन्या ऑफिसची स्मरणिका टपालाने आली. चकचकीत कागद, हारतुऱ्यांचे फोटो, आणि मधल्या एका पानावर आमच्या कारंजकर साहेबांचा मोठा फोटो, त्याखाली लिहिलेलं की मजुरांना नकाशे वाचता यावेत या कळवळ्यापोटी कै. कारंजकरांनी साधी, बिनरेघेची मराठी अक्षरं तयार केली. कळवळा हा शब्द वाचला आणि मी चष्मा काढून ठेवला. माझा हात आता कापतो, म्हणून मी बोलते आहे आणि शेजारची वैशाली लिहून घेते आहे. तिला सांगितलं आहे, लांब वाक्यं तोडू नकोस आणि माझा राग कमी करू नकोस.

सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्हाला कळणार नाही. आम्ही कोष्टी. नागपुरात महाल भागाच्या पलीकडे आमची वस्ती, घराघरात माग, सकाळी जाग यायची तीच खटखट ऐकत. माझे बाबा मागावर बसत तेव्हा पाय खड्ड्यात, हातात धोटा, आणि लुगड्याच्या काठाची नक्षी ज्या कागदावर मांडलेली असे तो कागद समोरच्या भिंतीवर. किती धागे उचलायचे, किती सोडायचे, ते आकड्यांत लिहिलेलं. तो कागद लिहायचं काम माझं, कारण माझं अक्षर बरं होतं. एकदा मी शाळेत शिकवलेल्या वळणाने, नाजूक, आकड्यांना शेपट्या काढून लिहिला, तर बाबांनी तो काढून माझ्या हातात दिला, म्हणाले, पोरी, सुंदर आहे, पण मला इथून उठता येत नाही, ज्याचे हात अडकलेत त्याला वाचता येईल असं लिही. रागावले नव्हते. मी परत लिहिला, ठोकळ्यासारखा, आणि त्यांचा काठ चुकला नाही. शिकवलं मात्र त्यांनी मला भरपूर, मिशनच्या शाळेत घातलं, इंग्रजीतून मॅट्रिक केलं, वस्तीतले लोक म्हणत, पोरीला मडमेसारखं शिकवून राहिले, करायचं काय आहे. बाबा म्हणत, बघू.

मग मी ड्रॉइंगची परीक्षा दिली आणि सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी ऑफिसात ट्रेसर म्हणून लागले. साठ ते सत्तरच्या मधली गोष्ट, तुमचे आजोबा तेव्हा रेल्वेत होते आणि तुमचा बाबा चालायला लागला होता. ऑफिसचं नाव मी मुद्दाम घेत नाही. पाण्याची टाकी, पंपघर, मोरी, असल्या बांधकामांचे नकाशे तिथे तयार होत. काम काय, तर ड्राफ्ट्समन पेन्सिलीने नकाशा काढायचा, त्यावर आम्ही पारदर्शक कापड ताणायचं, त्याला खडूची पूड चोळायची म्हणजे शाई नीट धरते, आणि खालची प्रत्येक रेघ, प्रत्येक अक्षर काळ्या शाईने वर उतरवायचं. ते कापड छापखोलीत जायचं, तिथे अमोनियाच्या वाफेवर त्याच्या प्रती निघत, आणि त्या प्रती घडी घालून कामावर जात. कापड ऑफिसात राहायचं, प्रत उन्हात जायची. हे लक्षात ठेवा, कारण सगळं त्यातच आहे. साहेबांनी आयुष्यभर कापड पाहिलं. मिस्त्रीने आयुष्यभर प्रत पाहिली.

कारंजकर आमचे हेड ड्राफ्ट्समन. अक्षर त्यांचं असं की बघत राहावं. नकाशे मराठीत लिहायचे असा हुकूम आला तेव्हा त्यांनी एक वळण ठरवलं, तिरपा कापलेला निब, वर जाडजूड शिरोरेघ आणि खाली केसासारखी बारीक वळणं, लग्नपत्रिकेवर असतात तशी. बाहेरचे अधिकारी येत, वाहवा करत, साहेब मला पुढे बोलावत, म्हणत, ह्या आमच्या धकाते बाई, माझं वळण यांच्याइतकं कोणी उचललं नाही. मीही मिरवलं, खोटं का बोलू.

आता सुदाम मिस्त्री. नागपूरजवळच्या खापा गावचा. त्याच्या बापाने छप्पनला नागपुरात दीक्षा घेतली, तेव्हा हा खाप्याहून बापाबरोबर पायी आला होता. शाळा सुटलेली होती, पुढे गवंडीकाम करता करता प्रौढांच्या वर्गात जाऊन तो लिहा-वाचायला शिकला. आमच्या खात्याची एक यादी असे, मान्य मिस्त्र्यांची, त्या यादीत नाव असेल त्यालाच सरकारी काम. त्या यादीतले बाकीचे मिस्त्री ओव्हरसिअरला विचारून काम करत, हा स्वतः नकाशा मांडीवर पसरून वाचायचा आणि इतरांना मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याचा त्याला अभिमान होता. असायलाच हवा होता.

कन्हान नदीवर, खाप्याच्या पुढच्या एका गावासाठी पंपघर बांधायचं होतं. नदीचं पाणी हौदात घेणारा पाइप भिंतीतून कुठे आत येईल, ते भोक नकाशावर दाखवलेलं होतं, आणि त्याच्या जरा वर, साहेबांच्या वळणात, माझ्या हाताने लिहिलेलं, पाइपाचे भोक. प्रत काढताना उजेड थोडा जास्त लागला. तसं झालं की बारीक रेघा उडतात आणि जाड तेवढ्या राहतात. अक्षरांची खालची वळणं उडाली. भोकाचा बारीक गोल उडाला, मापाचे आकडे उडाले. शिरोरेघ राहिली. भिंतीच्या मधोमध एक ठसठशीत आडवी रेघ, बाकी काही नाही. सुदामने ओव्हरसिअरला विचारलं, तो म्हणाला, दिसून राहिली ना रेघ, तिथंच घे. त्याने तिथे घेतलं, हातभर वर. पावसाळा गेला, हिवाळा गेला, उन्हाळ्यात नदी उतरली आणि पाइपाचं तोंड हवेत राहिलं. बायकांना वाळूत झिरे खोदून पाणी भरावं लागलं. मग छिन्नी लावून भिंत फोडली, खाली नवं भोक पाडलं, आणि चौकशी बसली.

काय सांगू तुम्हाला, त्या चौकशीला एक दुपारसुद्धा लागली नाही. साहेबांनी मला बोलावलं, कापड टेबलावर पसरलं, म्हणाले, धकाते बाई, तुमचं हे काम स्पष्ट आहे की नाही. मी पाहिलं. कापडावर सगळं स्पष्ट होतं, काळंभोर, सुबक. मी म्हटलं, हो. म्हणाले, लिहून द्या. मी एका ओळीत लिहून दिलं, आणि तेही माझ्या उत्तम अक्षरात. प्रत दाखवा असं मी म्हटलं नाही. मला सुचलं नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं, पण मला सुचलं होतं, मी नोकरीत नवी होते, घरी मूल होतं, आणि साहेब माझी स्तुती करत असत. त्या ओळीवर निकाल झाला, नकाशा सुस्पष्ट, मिस्त्री अडाणी, नाव यादीतून खोडावे. ओव्हरसिअरने सांगितलं, मला कोणी विचारलंच नव्हतं.

आठवड्याभराने शिपाई सांगत आला की व्हरांड्यात कोणी मिस्त्री तुम्हाला विचारतो आहे. धोतर, धुतलेला सदरा, बगलेत कापडात गुंडाळलेली प्रत. त्याने ती पायरीवर, उन्हात पसरली, चारही कोपऱ्यांवर गोटे ठेवले आणि उभा राहिला.

बाई, हा कागद तुमच्या हातचा हाय काय.

मी म्हटलं, हो.

तं मले दाखवा, याच्यात भोक कुठी लिवलं हाय.

मी वाकले. चष्मा पुसला, पुन्हा वाकले. माझंच लिहिलेलं, आणि मला वाचता येईना. एक जाड रेघ होती. मी बोटाने रेघेखाली चाचपलं, जसं काही अक्षर बोटाला लागेल. तो वाट पाहत होता, घाई केली नाही त्याने. शेवटी मी म्हटलं, नाही दिसत.

तो म्हणाला, मी वाचून चुकलो असतो तं माहं नाव खोडा, मी काहून बोललो असतो. पर ते म्हन्तात मी अडानी हाय. मले वाचता येते, बाई. हेच वाचता येत नाही.

एवढंच. आरडाओरडा नाही. प्रत तिथेच ठेवून निघाला, म्हणाला, राहू द्या तुमच्यापाशी, माह्या काय कामाची.

मी आत गेले आणि त्या दिवशी साहेबांच्या वळणात एक अक्षरही लिहिलं नाही, डोकं दुखतं म्हणून रजा टाकली. ठरवलं, की याचं नाव परत यादीत आलं पाहिजे, आणि त्यासाठी साहेबांचं वळण वाचता येत नाही हे कागदावर सिद्ध केलं पाहिजे, तोंडाने सांगून कोणी ऐकणार नाही. मी पद्धतशीर बाई आहे, राग आला की जास्तच पद्धतशीर होते. एकाच कापडावर अर्धी अक्षरं साहेबांच्या वळणाची, अर्धी मी नवी केलेली, सगळीकडे सारख्या जाडीची, उभी, मोकळी, आणि वरची रेघ काढून टाकलेली, म्हणजे ती नकाशातली रेघ वाटायचा प्रश्नच नको. त्याच्या प्रती काढल्या, जास्त उजेडाच्या, कमी उजेडाच्या, मग त्यांच्या आठ-आठ घड्या घातल्या, काही गच्चीवर उन्हात टाकल्या, काही चुन्याच्या पाण्यात बुडवल्या, कारण बांधकामावर कागदाचं हेच होतं. छापखोलीतले बाबूलालजी जबलपूरकडचे, ते म्हणाले, बाई, अक्षर छाप रही हो कि अचार डाल रही हो. पण प्रती त्यांनी सगळ्या काढून दिल्या, जेवणाच्या सुट्टीत, साहेबांच्या नकळत.

आणि वाचायला मी सुदामलाच बोलावलं. आधी यायला तयार नव्हता, म्हणाला, आता कशाले. मग आला, शनिवारी, आणखी चार-पाच गवंडी घेऊन. आमच्या घराच्या अंगणात ते हातभर अंतरावर कागद धरून वाचत आणि मी लिहून घेई, कोण कुठे अडलं. साहेबांच्या वळणात सगळे अडले. माझ्यात ते सरसर वाचत गेले, पण दोन ठिकाणी मी तोंडावर पडले. वरची रेघ काढल्यावर भ आणि म एकसारखे दिसायला लागले, ध आणि घ तसेच, कारण त्यांना वेगळं करते ती रेघेतली फटच. मला हे आधी दिसायला हवं होतं, दिसलं नाही. सुदाम हसला, त्या सगळ्या प्रकरणात एवढा एकदाच हसलेला पाहिला मी त्याला. म्हणाला, बाई, या भ-ले शिंग द्या एक, म्हैस ओळखू येते तसा ओळखू येईन. दुसरा गवंडी म्हणाला, मंग ध-ले काय, शेपूट? तुमच्या आजोबांनी चहा आणता आणता सांगितलं की हिच्या ऑफिसात आता गोठा होणार. पण मी भ-ला वर डावीकडे मोठी गाठ दिली, ध-लाही दिली, ख खालून जोडला म्हणजे तो र आणि व असा वाचला जात नाही. पुढच्या शनिवारी परत वाचायला दिलं, तेव्हा कोणी अडलं नाही. प्रत्येक कागदाखाली वाचणाऱ्याचं नाव आणि सही, सुदामची सही सगळ्यांत सरळ.

सगळे कागद एका फाइलीत लावून मी साहेबांपुढे ठेवले, वर एक टिपण, खाप्याच्या कामाची मूळ प्रत सोबत जोडली आहे, ती कोणालाही वाचता येत नाही, सबब मिस्त्री सुदाम याचे नाव यादीत परत घ्यावे. साहेबांनी अक्षरं पाहिली. बराच वेळ पाहिली, कारण अक्षर त्यांना कळत होतं, तेवढं मान्य करते. मग म्हणाले, ही काय मुंडकी उडवलेली अक्षरं. धकाते बाई, लुगड्याच्या काठावर हे शोभेल. तिथल्या माणसाला तिथलंच आवडायचं.

तिथल्या माणसाला. आजही ते तसंच कानात आहे. ती फाइल सहा महिने त्यांच्या कपाटात राहिली, आणि त्या सहा महिन्यांत आणखी दोन कामांवर असाच घोळ झाला, वरून विचारणा आली. मग त्यांनी मला बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, तुमची अक्षरं मी मंजूर करून घेतो, सगळ्या जिल्ह्यात लावतो, माझ्या सहीने पटकन होईल. फक्त टिपण बदला. ते खाप्याचं काढा. आणि वाचणाऱ्यांची नावं, सह्या कशाला, काही मजूर एवढं पुरे.

मी म्हटलं, मग सुदामचं काय.

म्हणाले, एका मिस्त्रीसाठी बाकीचे शंभर अडकवून ठेवायचे का तुम्हाला.

इरा, अन्वय, मी विचार करून सांगते म्हटलं, घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी टिपण बदलून दिलं. मला कोणी धमकी दिली नव्हती. बाकीच्या शंभरांचं मला खरंच वाटत होतं, आणि माझी अक्षरं नकाशांवर जावीत हेही वाटत होतं, किती हे आणि किती ते, ते मी आजवर मोजू शकलेली नाही. सह्यांचे कागद साहेबांनी माझ्यासमोर फाडले आणि टोपलीत टाकले, सुदामची ती सरळ सहीसुद्धा, आणि त्या दिवशीही मागवलेला बशीतला चहा मी संपवला. अक्षरं लागू झाली. परिपत्रकावर नाव कारंजकरांचं. त्याचं मला दुःख नाही, खरंच नाही, नाव कोणाचं का असेना. पण आज कोणी तिथे कळवळा असं छापतं, तेव्हा मला ती टोपली दिसते.

सुदामला मीच जाऊन सांगितलं. खाप्याची बस पकडून गेले, घर विचारत विचारत. त्याची बायको म्हणाली, बसा वं बाई, पाणी घ्या. तो ओट्यावर बसला होता, दुपारची वेळ, आणि कामावरचा माणूस दुपारी ओट्यावर बसलेला असणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. मी सगळं सांगितलं, टिपण बदलल्याचं, सह्या फाडल्याचं, काही लपवलं नाही.

तो म्हणाला, म्हणजे अक्षरं सुधरली, अन् मी बिघडलेलाच राह्यलो.

मी म्हटलं, मी प्रयत्न सोडणार नाही.

तो म्हणाला, सोडा नाही तं धरा, बाई. तुमच्या हाती होतं तवा तुम्ही सोडलं.

त्यानंतर तो माझ्याशी कधी बोलला नाही, आणि बोलावं अशी माझी काही कमाई नव्हती. पुढे तो नागपुरात आला, नंदनवन भागात नवी घरं उठत होती तिथे खासगी कामं करायचा, फरशा बसवायचा. काम चोख, लोक सांगत. पण सरकारी कामाच्या फाटकात तो परत गेला नाही. कारंजकर निवृत्त झाले तेव्हा ऐंशी साल उलटून गेलं होतं, मी तोवर हेड ट्रेसर झाले होते, आणि पहिल्याच आठवड्यात मी नव्या साहेबांना सविस्तर अर्ज लिहिला, स्वतःच्या त्या एका ओळीसकट, की ती ओळ मी दिली, ती अपुरी होती, प्रत मी वाचून पाहिली आहे, ती वाचता येत नव्हती. सोबत सुदामने ठेवून दिलेली प्रत लावली, टिपण बदललं तेव्हा फाइलीतून काढून मी ती घरी जपली होती. दोन ओळींचं उत्तर आलं, प्रकरण जुने आहे, संबंधित कागद उपलब्ध नाहीत. मी परत लिहिलं, कागद मीच लावला होता. उत्तर आलं, तोही सापडत नाही. आणखी तीनदा लिहिलं. नवे साहेब भले गृहस्थ होते, मला म्हणाले, बाई, तुम्ही का एवढं मनाला लावून घेता, तो मिस्त्री काही तक्रार करत नाही. मी म्हटलं, त्याने एकदा केली होती, मी उत्तर दिलं नाही.

मी निवृत्त झाले. सुदाम गेला, मला महिन्याने कळलं. त्याची मुलगी कुसुम नंदनवनात राहते, शाळेत शिकवते. स्मरणिका आल्यावर मी तिच्याकडे गेले, पान दाखवलं, तिने वाचलं आणि मिटवून परत दिलं, म्हणाली, मावशी, आमच्या घरी हे कधी कोणी बोललंच नाही, बाबा फक्त म्हणायचे की आपल्याला वाचता येते. मग आम्ही दोघी ऑफिसात गेलो. कोणालाच काही माहीत नव्हतं, सगळे नवे. एका पोरीने नीट बसवलं, पाणी दिलं. नकाशे आता संगणकावर निघतात, अक्षरं संगणकाची, वर रेघ असलेलीच, आणि छापून स्वच्छ येतात, माझ्या शिंगवाल्या भ-ची आता कोणालाच गरज नाही. ज्यासाठी मी त्याला सोडलं ते वीस-पंचवीस वर्षं चाललं आणि संपलं. मी त्या पोरीला म्हटलं, मान्य मिस्त्र्यांची जुनी यादी असेल तर दाखव. तिने तासभर शोधली, धूळ झटकून आणली. कुसुमने स्वतः पानं उलटली.

माझ्या हाताची अक्षरं आता कुठल्याच नकाशावर नाहीत. यादी आहे, आणि तिच्यात सुदाम मिस्त्रीचं नाव आहे, लाल शाईने खोडलेलं.